वर वाहने, खाली वाघ

रस्ता दोन गावांना जोडतो. पण तोच रस्ता जंगलातून गेला, तर जंगलाचे दोन तुकडे होतात.

नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पेंचच्या जंगलातून जातो. या जंगलात वाघ, बिबटे, रानगवे, चितळ, रानकुत्रे असे अनेक प्राणी राहतात. चितळांना चारा व पाणी शोधत फिरावे लागते. वाघाचा बछडा सुमारे दोन वर्षांचा झाला, की आईपासून दूर जातो आणि स्वतःसाठी नवे क्षेत्र शोधतो. पेंचच्या वाघांना नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाण्यासाठी हा महामार्ग ओलांडावा लागतो. वाट बंद झाली, तर थोड्याच वाघांची आपसांत संतती होत राहते आणि पुढची पिढी दुबळी होते. रस्ता ओलांडताना वाहनाची धडक बसण्याची भीती तर असतेच.

हा महामार्ग चौपदरी करायचे ठरले, तेव्हा मोठा प्रश्न उभा राहिला. माणसांना रुंद रस्ता हवा होता. प्राण्यांना त्यांची जुनी वाट हवी होती. वाद न्यायालयात गेला. शेवटी दोघांचीही सोय होईल असा मार्ग निघाला. महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता खांबांवर उचलून घेतला आणि खालची जमीन प्राण्यांसाठी मोकळी ठेवली. यांतील सर्वांत लांब पूल ७५० मीटरांचा आहे. सिवनीकडच्या भागात गाड्यांचा आवाज व दिव्यांचा प्रकाश जंगलात पोहोचू नये, म्हणून रस्त्याच्या कडेला उंच भिंती उभारल्या आहेत.

प्राणी या वाटेने जातील का? हे पाहण्यासाठी २०१९ साली भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुलांखाली कॅमेरे लावले. त्यांत १८ जातींच्या वन्य प्राण्यांची छायाचित्रे मिळाली. ११ वाघ मिळून ८९ वेळा पुलांखालून गेले होते!

मात्र पूल बांधला म्हणजे काम संपले, असे नाही. पुलाखाली माणसांची वर्दळ वाढली किंवा कचरा साचला, तर प्राणी तिकडे फिरकणार नाहीत. प्रवासी माकडांना खाऊ टाकतात, म्हणून माकडे रस्त्यावर येतात आणि चाकांखाली सापडतात. जंगलातून जाताना वाहन सावकाश चालवावे, हॉर्न वाजवू नये व खाऊ टाकू नये. वाट त्यांचीही आहे, हे आपण विसरू नये.

शब्दार्थ
महामार्ग – मोठा रस्ता
बछडा – वाघाचे पिल्लू
संतती – मुले, पिल्ले
हद्द – सीमा
वर्दळ – सतत ये-जा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वाघाचा बछडा आईपासून दूर का जातो?
(आ) पुलांखाली कॅमेरे कोणी लावले?
२. कारण लिहा.
महामार्गाच्या कडेला उंच भिंती उभारल्या, कारण ........
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : रुंद, उंच, दुबळी, सावकाश.
४. तुमच्या गावाजवळच्या रस्त्यावर कोणते प्राणी दिसतात? त्यांच्यासाठी काय करता येईल? पाच वाक्ये लिहा.