भाचीस पत्र : ग्रीन कार्डाच्या अर्जाविषयी

मु. पो. सुरगाणा, जि. नाशिक



पाणी शुद्धीकरणावरील पीएच.डी. पूर्ण होत आली असता अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळवण्याचा विचार योग्यच आहे. मात्र या अर्जाचा निकाल कागदोपत्री पुराव्यावर ठरतो आणि असा पुरावा ऐनवेळी उभा करता येत नाही, हे भाचीने आताच ध्यानात घ्यावे.

आय-१४० नावाचा हा अर्ज एरवी नोकरी देणाऱ्या संस्थेने करायचा असतो, आणि बहुतेक वेळा त्याआधी त्या जागेसाठी योग्य स्थानिक माणूस मिळत नसल्याचे श्रम खात्याकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. संशोधकाला यातून राष्ट्रहितास्तव सूट मागता येते. तिला नॅशनल इंटरेस्ट वेव्हर म्हणतात आणि तीत अर्जदार स्वतःच अर्ज करू शकतो. धनसार नावाच्या एका अभियंता-संशोधकाच्या प्रकरणात २०१६ मध्ये झालेल्या निर्णयापासून तीन गोष्टी पाहिल्या जातात : योजलेले काम गुणवत्तेचे व राष्ट्रीय महत्त्वाचे आहे काय, ते पुढे नेण्याची अर्जदाराची तयारी आहे काय, आणि नोकरीची अट सोडण्यात देशाचे एकंदर हित आहे काय.

सुरगाणा तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यांवर बायांना हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. या टंचाईतूनच भाचीला संशोधनाची ओढ लागली असली, आणि त्याचा अभिमान सर्वांना असला, तरी पहिल्या कसोटीला ती हकीकत पुरत नाही. अमेरिकेतील कोणत्या पाणीपुरवठ्याला या पद्धतीचा उपयोग होईल, हेच तेथे दाखवावे लागते. शिफारसपत्रांचेही तसेच आहे. ‘अत्यंत हुशार आणि कष्टाळू’ एवढेच लिहिणाऱ्या मार्गदर्शकाच्या पत्रापेक्षा, ज्याने भाचीबरोबर कधी काम केले नाही पण तिची गाळणपद्धत आपल्या प्रयोगशाळेत वापरून पाहिली, अशा तज्ज्ञाचे पत्र कितीतरी मोलाचे, कारण त्यात काय वापरले आणि त्याने काय बदलले याची नोंद असते. शोधनिबंधांचे परीक्षण केल्याची पत्रे आणि निबंधाचा आधार कोणी कसा घेतला याची टिपणे त्या त्या वेळीच जपून ठेवावीत.

पुराव्याइतकाच रांगेचाही विचार करावा लागतो. भारतीयांना अमेरिकेत नागरिकत्वाचा हक्क व वर्षाला अवघ्या शंभर जणांचा प्रवेश देणारा कायदा १९४६ चा. कौशल्याला खरे दार १९६५ च्या कायद्याने उघडले. आज नोकरीवर आधारित सुमारे १,४०,००० जागा दरवर्षी असतात, त्यांत कुटुंबीयही मोजले जातात, आणि एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा नागरिकत्वावर नव्हे, तर जन्मस्थानावर लागू होते. त्यामुळे या जागांच्या ज्या दुसऱ्या श्रेणीत ही सूट मिळते तीत अर्ज मंजूर होऊनही भारतात जन्मलेल्यांना दशकाहून अधिक काळ थांबावे लागते. रांगेतील स्थान ठरवणारी तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, अशा अर्जात तो दाखल झाल्याच्या दिवसाची असते आणि मंजुरीनंतर पुढच्या अर्जालाही ती लावून घेता येते. म्हणून पुरावा पुरेसा होताच दुसऱ्या श्रेणीत अर्ज करावा आणि काम वाढेल तसे तीच तारीख घेऊन असामान्य योग्यतेच्या पहिल्या श्रेणीकडे वळावे.

शासकीय शिष्यवृत्तीवर जे-१ व्हिसाने गेलेल्याला मात्र दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते. ती पुरी होईपर्यंत किंवा माफ होईपर्यंत ग्रीन कार्ड मिळत नाही, तेव्हा व्हिसावरील शेरा प्रथम वाचावा.

शेवटी, ग्रीन कार्डासाठी लागणारा जन्माचा दाखला. पाड्यावर घरीच झालेल्या जन्माची नोंद कधी बाळाच्या नावाविना असते, तर कधी नसतेच, आणि वर्ष उलटून गेलेल्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. या कामाला वेळ जातो. पासपोर्टवर आई-वडिलांची नावे जशी छापली आहेत तशी भाचीने उलट टपाली कळवावीत, म्हणजे ग्रामपंचायतीकडे त्याच नावांनी मागणी करता येईल.

कळावे. मामाचे आशीर्वाद.