हंगामी एकाकीपण आणि वृद्धशुश्रूषा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास

'वृद्धाश्रम' हा शब्द उच्चारताच मुलांनी दूर लोटलेल्या आईवडिलांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. शहरी कथा-नाटकांनी ते चित्र इतके रूढ केले आहे की ग्रामीण भागातील वृद्धसेवेची आखणीही त्याच कल्पनेवर केली जाते. बीड जिल्ह्यातील वृद्धांची अवस्था मात्र बऱ्याच अंशी निराळी आहे. येथील अनेक घरांतून दसरा-दिवाळीनंतर कर्ती माणसे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. वर्षाचे पाच-सहा महिने म्हातारी माणसे एकटी आणि उरलेले महिने भरल्या घरात, असा हा प्रकार आहे. अशा वृद्धांसाठी दिवसाची व निवासी शुश्रूषा कशी असावी, याचा विचार परिचारिका, स्वयंसेवक व हितचिंतक यांच्यासाठी येथे मांडला आहे.

ऊसतोडीत पतिपत्नीची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते व ती श्रमाने फेडावयाची असते. गावी आई पडली, मांडीचे हाड मोडले, असा निरोप पौषात आला तरी मुलाला टोळी सोडणे सोपे नसते. परतला तर उचल अंगावर राहते. मागे राहिलेल्या आजी-आजोबांकडे बहुधा शाळेत जाणारी नातवंडेही असतात. म्हणजे ज्याची शुश्रूषा व्हावयाची, तोच दोन-तीन मुलांचा पालक असतो. रक्तदाबाच्या गोळ्या दिवाळीत आणलेल्या, त्या मार्गशीर्षात संपतात. आणावयास कोणी नसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया 'पोरं आल्यावर' या एका वाक्यावर पुढे ढकलली जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला व शासनाने चौकशी समिती नेमली. ज्यांची बीजकोषेही लहान वयात काढली गेली, त्यांची हाडे लवकर ठिसूळ होतात. या स्त्रिया साठी गाठतील तेव्हा अस्थिभंगाचे प्रमाण वाढलेले दिसण्याचा संभव आहे. त्यांची शुश्रूषा आजपासूनच योजावयास हवी.

वृद्धांसाठी इमारत बांधावी की त्यांना त्यांच्या घरीच साह्य पोचवावे, हा वाद जुना आहे. इंग्लंडमधील फ्रीमेसन या बंधुसंघात तो १८३० च्या दशकात जोरात झाला. डॉ. रॉबर्ट क्रूसफिक्स या वैद्याने वृद्ध व विपन्न सभासदांसाठी निवासगृहाचा आग्रह धरला. संघाचे प्रमुख ड्यूक ऑफ ससेक्स यांचा कल वार्षिक निर्वाहवेतनाकडे होता. १८४२ साली निर्वाहवेतनाचा निधी स्थापन झाला, १८५० साली क्रॉयडन येथे निवासगृहही उघडले आणि त्याच वर्षी दोन्ही कार्ये एकत्र करण्यात आली. डॉ. क्रूसफिक्स गृह उघडण्यापूर्वीच, त्याच वर्षाच्या आरंभी निवर्तले. पुढे या कार्यातून इंग्लंड व वेल्समध्ये वृद्धांची अनेक शुश्रूषागृहे उभी राहिली. यातून आपण घ्यावयाचे ते एवढेच की दोन्ही पक्ष अंशतः बरोबर होते. शिवाय तेथे मदत घेणारा कोणी याचक नव्हता. उमेदीच्या वयात त्यानेही त्याच निधीत वर्गणी घातलेली होती.

हे तत्त्व आपणांस परके वाटावयाचे कारण नाही. पंढरीच्या दिंडीत चालणारा वारकरी भिशी भरतो आणि वाटेत त्याचे पाय सुजले तर दिंडी त्याला सांभाळते. तेथे उपकाराची भाषा नसते. वृद्धसेवेतही गावाने, टोळीने वा सप्ताहाच्या मंडळाने अल्पशी वर्गणी घालावी आणि रुग्णालयाने वैद्यकीय बाजू उचलावी, असे आम्हांस वाटते. रक्कम किती, हा प्रश्न गौण आहे. ज्याने वर्गणी भरली, तो केंद्रात ताठ मानेने येतो. फुकट जेवणाच्या पंगतीस मात्र तोच म्हातारा लाजेने येत नाही. अंबाजोगाईच्या 'मानवलोक' संस्थेने (स्थापना १९८२) खेड्यांतील निराधार वृद्धांसाठी सामूहिक स्वयंपाकघरांचे काम केले आहे. माणूस आपल्या घरी निजतो आणि दोन वेळा शिजलेले अन्न मिळवतो, ही त्यातील कल्पना आमच्या जिल्ह्यास अचूक लागू पडते.

आता दिवसाच्या केंद्राविषयी. त्यास मोठी जागा लागत नाही. समाजमंदिर वा शाळेची जुनी खोली पुरते. उंबरा नसावा किंवा त्यावर उतरण करावी, शौचालयात धरावयास दांडी असावी, बसावयास बाज नको, हाताच्या खुर्च्या हव्यात. कारण बाजेवरून उठतानाच बहुतेकांचा तोल जातो. पहिल्या दिवशी प्रत्येकाची एक साधी चाचणी घ्यावी. खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे. यास बारा सेकंद वा अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजावे. रक्तदाब निजलेला असताना व उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा मोजावा. वरचा आकडा वीस वा अधिकाने खाली आला तर डॉक्टरांना कळवावे. गोळी बहुधा बदलावी लागते. 'उभं राहिलं की अंधारी येते' ही तक्रार वयावर घालून सोडून देऊ नये.

वृद्धास तहान कमी लागते. म्हणून फाल्गुन-चैत्राच्या उन्हात पाणी मागण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी ताक, आंबील वा पाणी हाती द्यावे. ज्यांचे हृदय वा मूत्रपिंड दुर्बल आहे त्यांचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून द्यावे. दात नसलेल्यास कोरडी भाकरी वाढली की तो चहात बुडवून खातो आणि तेच त्याचे जेवण होते. वरणात कुस्करलेली भाकरी, कण्या, मऊ भाजी यांची सोय करावी. गोळ्या दिवसाच्या खणांत मांडून ठेवाव्यात. बोलणे कमी झाले, भूक गेली, पहाटे तीनला जाग येते, अशी लक्षणे दोन आठवडे टिकल्यास त्यास 'पोरांची आठवण' म्हणून थांबू नये. तो उदासीनतेचा आजार असू शकतो व त्यावर उपचार आहेत.

निवासी विभाग लहानच असावा. अस्थिभंगानंतरचे आठवडे, पक्षाघातानंतरचा काळ, अंथरुणाला खिळलेली अवस्था यांसाठी हंगामापुरत्या खाटा राखून ठेवाव्यात. येथे परिचारिकेची खरी कसोटी असते. दर दोन तासांनी कूस बदलणे, माकडहाड व टाचा रोज पाहणे, ओले अंथरूण तत्काळ काढणे, ही कामे रात्रीही तितकीच चोख व्हावी लागतात. नातवंडांचे काय, हेही निवासी दाखल्याच्या वेळीच विचारावे. आजी खाटेवर आणि पोरे कुलूपबंद घरापुढे, असे होता कामा नये.

शासकीय आधाराचा उल्लेख थोडक्यात करतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी निवासाची तरतूद आहे, आणि राज्याची 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना १९९५ ची आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांस आयुष्मान भारत योजनेत आरोग्यविमा खुला झाला. परंतु कार्ड काढण्यास जो मोबाइल लागतो तो मुलाबरोबर कारखान्यावर गेलेला असतो. यास्तव ही कागदपत्रे दसऱ्याआधीच पुरी करावीत.

नोंदणीही दसऱ्याआधी व्हावी. प्रत्येक वृद्धामागे एक पान : चालू असलेल्या गोळ्या, कोणत्या औषधाची वावडी, मुलाचा व मुकादमाचा दूरध्वनी, कारखान्याचे नाव, शेजारी कोण झोपावयास येते, घराची दुसरी किल्ली कोणाकडे, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर मुलाच्या गैरहजेरीत कोणाशी बोलावयाचे. हे पान मुलाने व वृद्धाने एकत्र बसून भरावे, त्यावर दोघांची सही वा अंगठा घ्यावा, आणि एक प्रत केंद्रात, एक रुग्णालयात व एक आशाताईंकडे ठेवावी.