आधी दोनच पाकिटं फोड

सुमे, तू पाठवलेला फोटो पाहिला आणि हसूच आलं. बियाण्यांची अकरा पाकिटं! ठाण्यातली तुझी एवढीशी गॅलरी, त्यात दुधीभोपळा कुठे चढवणार आहेस, कपडे वाळत घालायच्या दोरीवर? रागावू नकोस गं. माझीही पहिली दोन वर्षं अशीच गेली. पाकिटावरचं लालबुंद चित्र बघायचं आणि पैसे मोजायचे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

चित्र सोड आणि मागची बारीक अक्षरं वाच. उगवणक्षमता, तपासणीची तारीख, मुदत. टोमॅटोचं बी शंभरातलं किमान 70 उगवायला हवं, मिरचीचं मात्र 60 असलं तरी नियमात बसतं. म्हणून मिरची विरळ उगवली की लगेच दुकानदाराला शिव्या घालू नकोस. शंका असेल तर 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव, आठवड्या-दोन आठवड्यांत कळतं. आणि गुलाबी रंग चोळलेलं बी असेल तर पेरल्यावर हात स्वच्छ धू, तो रंग म्हणजे औषध असतं. लहानग्या पिंटूच्या हाती ते पाकीट लागू देऊ नकोस.

आता खरी गोष्ट. दोन वाणं ताडून बघायची तर ती एकाच दिवशी, एकाच मातीत, शेजारी-शेजारी लावायची. एक जूनमध्ये, दुसरं ऑक्टोबरमध्ये लावून ‘हे चांगलं, ते वाईट’ ठरवण्याला काही अर्थ नाही. मी तसंच करायचे आणि उगाच वाणांना नावं ठेवायचे.

गेल्या वर्षी टोमॅटोची दोन वाणं एका वाफ्यात लावली. एक दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची जुनी पुसा रुबी, दुसरी बंगळूरच्या संस्थेची अर्का रक्षक. रुबी सरळ वाण, रक्षक संकरित. रक्षकची फळं घट्ट, एकसारखी, आठवडाभर टोपलीत राहिली तरी मऊ पडत नव्हती. तीन रोगांना दाद न देणारं वाण म्हणून तिची ख्याती आहे, आणि त्यांतला पानं चुरगळणारा रोग माझ्याकडे आला तेव्हा रुबीचीच झाडं आक्रसली. पण सार केलं ना, तेव्हा आमच्या घरात रुबीच जिंकली. चपटी, खाचांची, पातळ सालीची, आंबट. यांनी दोन वाट्या मागून घेतल्या. म्हणजे ‘कुठलं वाण चांगलं’ असं मला विचारू नकोस. तुला सार करायचंय की कोशिंबीर, ते आधी सांग.

आणखी एक. रुबीचं पिकलेलं फळ फोडून बी धुऊन वाळवलंस तर पुढच्या वर्षी रुबीच येईल. रक्षकचं बी ठेवलंस तर तिसरंच काहीतरी उगवेल. संकरिताची पुढची पिढी फुटते, एका झाडाला लिंबाएवढी फळं, दुसऱ्याला मोठी. गंमत म्हणून कर, भरवशावर नको.

भेंडीचं फार सांगत नाही. परभणी क्रांती घे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीच्या एका चुलत जातीशी संकर करून ती काढली, त्यामुळे पानं पिवळी पाडणाऱ्या केवड्यापुढे ती बऱ्यापैकी टिकते. पण तुझ्या बाजारात पावसाळ्यात वसईकडची सातशिरी भेंडी येते ना? भाजीवालीकडून एक जून, वाळलेली शेंग मागून ठेव आणि दोन्ही शेजारी लाव. मग मलाही कळव, साताऱ्यात ती कुठे मिळायला!

झेंडूत मात्र मी चांगली फसले. दसऱ्याच्या तोरणातली वाळकी फुलं चुरून पेरली. ती फुलं पक्व व्हायच्या आतच खुडलेली, त्यामुळे बरंच बी पोचट. जी झाडं आली त्यांना कमरेएवढी उंची आणि एकेरी, विरळ पाकळ्यांची फुलं. मूळ फूल गच्च गोंड्याचं, संकरित असावं. तुझ्या कुंडीत तर ती उंच झाडं वाऱ्याने मोडतील. तू मखमल लाव, हातभर झाड, तांबूस-पिवळी बारीक फुलं. आषाढात बी टाक आणि एक फूल झाडावरच पूर्ण वाळू दे, तेच पुढचं बी.

आईच्या पावट्याचं बोलायचं राहिलं. आठवतं, राखेत मळून ती बी मडक्यात ठेवायची? मी तिच्या पावट्याशेजारी पावट्याचीच बुटकी जात, अर्का जय, लावली होती. ती कुठल्याही महिन्यात फुलते, मांडवही मागत नाही. आईचा वेल जूनमध्ये लावला तरी दिवस लहान झाल्याशिवाय एक कळी दाखवत नाही, मग मात्र मांडव दिसेनासा होतो. त्या वाणाला नावच नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, तेव्हा आई टीव्हीपुढे बसून म्हणाली होती, ‘माझं मडकं दाखवा की त्यांना.’ पावट्याचं बी सहसा भेसळत नाही, त्यामुळे तुझ्याकडेही तोच येईल.

10 दाणे पाकिटात घालून पाठवतेय. सहा लाव, चार राखेत ठेव. वेल चढवायला गॅलरीचे गज पुरे.