कालवा, गोट्या आणि संगणक : खेळ घडविण्याचा पहिला पाठ

संगणकावरील खेळ खेळणे आणि तो घडविणे यांत मोठे अंतर आहे. खेळणारा दुसऱ्याने केलेले नियम पाळतो. घडविणारा नियम करतो, आणि त्यांचा परिणाम कोणाला भोगावा लागतो हेही त्यालाच पाहावे लागते. म्हणून ज्या विद्यार्थ्याला ही विद्या शिकावयाची आहे, त्याने आरंभ संगणकापासून न करता नियमांपासून करावा. बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्याला त्यासाठी दूर जावयास नको. नीरेचा डावा कालवा त्याच्या परिचयाचाच आहे.

१८८५च्या सुमारास सुरू झालेला हा कालवा वीरपासून निघतो आणि बारामतीचा भाग भिजवीत इंदापूर तालुक्यात संपतो. वरच्या अंगाचा शेतकरी तो ‘हेड’चा आणि शेवटचा तो ‘टेल’चा. आवर्तन सुटले तरी टेलच्या चारीला पाणी पोहोचेल की नाही, ही चिंता ज्या घरात ऐकू येते त्या घरातील मुलाजवळ खेळाचा विषय आधीच आहे.

असा खेळ जगात अन्यत्र झालेलाही आहे. ब्रूस लँकफर्ड या अभ्यासकाने टांझानियातील शेतकऱ्यांसाठी उतरत्या फळीवर नदी कोरली. पाणी म्हणून गोट्या सोडल्या आणि बंधारे म्हणून काड्या आडव्या ठेवल्या. वरच्या आणि खालच्या अंगाचे शेतकरी त्या फळीभोवती एकत्र बसून खेळले. यात संगणक कोठेच नव्हता.

आपणही तसेच करू. हेड, मध्य आणि टेल अशी तीन गावे कल्पा. प्रत्येक आवर्तनाला १२ गोट्या सुटतात. एका गावाहून दुसऱ्या गावाकडे जाताना १ गोटी पाझरून जाते. सगळ्या शिवारात ऊस लावला तर गावाला ६ गोट्या लागतात.

पहिला नियम : आधी येईल त्याने हवे तेवढे घ्यावे. हेड ६ घेतो, १ पाझरते, उरलेल्या ५ मध्यगाव घेते. टेलला शून्य.

दुसरा नियम : आधी टेलला द्यावे. पाणी शेवटपर्यंत न्यावयाचे म्हणून २ गोट्या पाझरतात, १० उरतात. टेलला ६, मध्याला ४ आणि हेडला शून्य. म्हणजे अन्याय मिटला नाही, त्याने केवळ गाव बदलले.

तिसऱ्या नियमासाठी इतिहासाकडे पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी अधिक गावांना मिळावे आणि प्रत्येक ठिकाणी पिकांची फेरपालट व्हावी, हा तिचा गाभा. आपल्या खेळात तिचे सोपे रूप असे : प्रत्येक गावाने एक तृतीयांश शिवारात ऊस, एक तृतीयांशात निम्म्या पाण्याचे हंगामी पीक आणि उरलेल्यात जिरायत पीक घ्यावे. आता गावाला २ आणि १ मिळून ३ गोट्या पुरतात. तीन गावांच्या ९ झाल्या, १ उरली. ती पिण्यासाठी राखावी की पुढील आवर्तनासाठी, हा निर्णय खेळ घडविणाऱ्याचा.

येथवर आले ते खेळाचे संकल्पन. विकसन त्यानंतर येते. ‘पाणी’ नावाच्या चल राशीत १२ हा आकडा ठेवावा. ‘पाणी ३ पेक्षा कमी असेल तर पीक सुकेल’ ही अट लिहावी. तीच कृती पुनःपुन्हा घडविणाऱ्या रचनेला संगणकाच्या भाषेत ‘लूप’ म्हणतात. कालव्याच्या भाषेत ते आवर्तनच होय. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये खुले केलेले ‘स्क्रॅच’ यासाठी पुरेसे आहे. त्यात सूचनांचे ठोकळे जोडावयाचे असतात, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटही लागत नाही. पुढे जावयाचे असेल तर २०१४ पासून मुक्त असलेले ‘गोडो’ विनामूल्य मिळते.

मोठा खेळ एकट्याने होत नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने ‘राजी’ हा खेळ केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा तिचा प्रयत्न अपुरा पडला, तरी काम थांबले नाही. २०२०मध्ये खेळ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’च्या पदार्पणातील उत्कृष्ट खेळांच्या नामांकनांत त्याचा समावेश झाला. अशा कामात चित्रकाराला, कथा लिहिणाऱ्याला आणि ध्वनी जुळविणाऱ्यालाही स्थान असते. गणितात मागे असलेल्या मुलाने ही विद्या आपली नव्हे असे मानू नये.

शेवटची पायरी परीक्षेची. खेळ मित्राच्या हाती द्यावा आणि आपण मौन पाळावे. तो जेथे अडखळेल तेथे दोष बहुधा आपल्या मांडणीत असतो. आणखी एक प्रयोग अवश्य करावा : टेलच्या गावच्या मुलाला हेडच्या जागी बसवावे. पहिल्या नियमाने खेळताना तोही ६ गोट्या उचलेल. त्याचा हात तेथे पोहोचला की त्याला कळेल की वरचा शेतकरी दुष्ट नाही आणि आपले वडीलही आळशी नाहीत. दोघेही एका नियमात अडकले आहेत, आणि नियम माणसाने केलेला असतो. तो तपासता येतो आणि बदलताही येतो.