मशीन ओळखीचं, जागा अनोळखी: शिडाच्या बोटीवरचा एसी आणि माझे २५ हजार

या आठवड्याच्या व्हिडिओत मी शिडाच्या बोटीवर एसी बसवल्याचा किस्सा सांगितला. बोलताना आकडे भरभर निघून जातात, म्हणून सगळा हिशेब इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. तुमचा धंदा एसीचा नसला तरी चालेल. फॅब्रिकेशन असो, केटरिंग असो की इंटिरियर, "आजवर न केलेलं काम" तुमच्याकडे कधी ना कधी येणारच आहे.

फोनवर दिलेला भाव

माझं कुडाळला एसी-फ्रिजचं दुकान आहे. विक्री, फिटिंग, सर्व्हिस, सगळं करतो. एका ऑगस्टमध्ये गोव्याहून फोन आला. जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक सर. त्यांची ३२ फुटी शिडाची बोट, आत झोपायची जागा, छोटं स्वयंपाकघर. पावसाळ्यासाठी बोट पाण्याबाहेर काढून ठेवलेली. बोटीसाठीचा १२,००० बीटीयूचा, म्हणजे आपल्या भाषेत एक टनाचा एसी त्यांनी स्वतःच मागवला होता. विचारलं, "बसवून द्यायचे किती घ्याल?"

मी मनातल्या मनात गुणाकार केला. एक टन म्हणजे घरातली बेडरूम. बोट आहे, तर थोडं जास्त धरू. म्हटलं, "सर, साहित्यासकट ३५ हजार." ते लगेच हो म्हणाले. गिऱ्हाईक इतक्या लवकर हो म्हणतं, तेव्हा आपण खूश होतो. खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं.

शिडाची बोट म्हणजे फक्त परदेशी लोकांचं खूळ, असं समजू नका. गोव्यात दिवार बेटावर बांधलेल्या ५६ फुटी 'म्हादेई'तून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली. बोटी आपल्याकडेच बांधल्या जातात, आणि त्यांची कामंही आपल्याच माणसांना मिळतात. फक्त काम घेताना ते समजून घ्यायला हवं. तिथेच मी चुकलो.

बोटीवरचा एसी वेगळा कसा?

घरचा स्प्लिट एसी खोलीतली उष्णता बाहेरच्या युनिटमधून हवेत सोडतो. बोटीवर ते युनिट लावायला नीट जागा नसते. खारं पाणी त्याची वाट लावतं आणि शिडाच्या दोऱ्या त्यात अडकतात. म्हणून बोटीवरचा एसी उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडतो. कॉम्प्रेसर, थंड कॉइल, कंडेन्सर, सगळं एकाच पेटीत. ही पेटी बाकाखाली किंवा कपाटात बसते आणि तिथून डक्टने थंड हवा वरच्या जाळीपर्यंत न्यायची.

पाण्याचा रस्ता असा: बोटीच्या तळाला भोक, त्यावर बंद करता येणारा व्हॉल्व्ह, मग कचरा अडवणारी गाळणी, मग पंप, मग कंडेन्सर, आणि शेवटी बोटीच्या कुशीतून पाणी परत बाहेर. एक टनाला मिनिटाला साधारण ११ लिटर पाणी लागतं.

यातल्या तीन गोष्टी घरच्या कामात कधीच येत नाहीत:

१. तळाला भोक. भिंतीतलं भोक चुकलं तर सिमेंट लावता येतं. इथे चुकलं तर बोट बुडू शकते. म्हणून व्हॉल्व्ह बोटीसाठीचाच हवा आणि पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक जोडावर दोन-दोन क्लॅम्प. बोटीवर कोणी नसेल तेव्हा तो व्हॉल्व्ह बंद.

२. पंपाची जागा. हे पंप बहुतेक वेळा स्वतः पाणी ओढून घेत नाहीत. पाणी त्यांच्यापर्यंत आपोआप यायला हवं. म्हणजे पंप बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या खालीच बसला पाहिजे. आणि पाइप सतत चढता हवा. मध्ये कुठे कुबड आलं की तिथे हवा अडकते.

३. कॉइलवरचं पाणी. आपल्या दमट हवेत दिवसाला कित्येक लिटर पाणी ठिबकतं. ते इंजिनाच्या बाजूच्या खोलगट भागात सोडायचं नाही. कारण त्याच नळीतून इंजिनाचा विषारी धूर उलटा केबिनमध्ये येऊ शकतो. त्याला वेगळा निचरा लागतो.

मिस्त्रींचा एक प्रश्न

सप्टेंबरमध्ये काम सुरू केलं. तळाला भोक पाडायला फायबरचा कारागीर लागतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं. तो शोधण्यात दोन दिवस गेले. पंप मी बाकाखाली बसवला. जागा मोकळी, हात पोचतो, एकदम सोयीचं.

आमचे जुने मिस्त्री सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, "दादा, ही होडी पाण्यात गेल्यार पाणी खंयपर्यंत येतला?"

मी म्हटलं, "येईल तेवढं येईल मामा, आपण आतमध्ये काम करतोय ना!"

बोट जमिनीवर होती, म्हणून चाचणी घेताना आम्ही बागेच्या नळाची नळी जोडली. पाच मिनिटांत केबिन गारेगार. सर खूश, मी खूश. फोटोसुद्धा काढले. कोणाच्याच लक्षात आलं नाही की नळाच्या पाण्याला स्वतःचाच जोर असतो. पंपाची परीक्षा झालीच नव्हती.

ऑक्टोबरात बोट पाण्यात उतरली. त्याच रात्री सरांचा फोन. घरी मुलगी आणि नातू आलेले, सगळे बोटीवर झोपायला गेलेले, आणि एसी चार मिनिटांत बंद. परत चालू केला, परत बंद. कारण सरळ होतं. पाण्याची पातळी बाकाच्या बरीच खाली होती. पंप नुसती हवा घुसळत होता. कंडेन्सरला पाणी नाही, गॅसचं प्रेशर वाढतं आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं.

सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही एकदा विचारायला हवं होतं. बोटीवर पाण्याच्या पातळीची रेघ रंगवलेली असते." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ज्या प्रश्नाचं उत्तर बोटीच्या बाहेरच्या अंगावर रंगवलेलं होतं, तो प्रश्न माझ्या मिस्त्रींनी विचारला होता आणि मी हसण्यावारी नेला होता.

पुढचे तीन दिवस आम्ही पंप खाली तळाशी हलवला आणि सगळे पाइप नव्याने टाकले. पैसे मागायला तोंडच नव्हतं.

आता हिशेब

| बाब | माझा अंदाज | खरा खर्च |
|---|---|---|
| मजुरी (२ माणसं, रोज १,२००) | २ दिवस: ४,८०० | ७ दिवस: १६,८०० |
| गाडी, राहणं, जेवण | ३,००० | ९,५०० |
| साहित्य | १४,००० | २६,००० |
| फायबरचा कारागीर | ० | ८,००० |
| एकूण | २१,८०० | ६०,३०० |

मिळाले ३५,०००. तोटा २५,३००. यात माझा स्वतःचा वेळ आणि दुकानात बुडालेली कामं धरलेली नाहीत.

आता नीट बघा. पंपाच्या चुकीमुळे फक्त तीन दिवस आणि थोडा पाइप वाया गेला. ती चूक झाली नसती तरी मी तोट्यातच गेलो असतो. खरी चूक ऑगस्टमध्ये फोनवर झाली होती. मी मशीनचा भाव दिला, जागेचा नाही. एक टनाचा एसी मला पाठ होता, म्हणून मला वाटलं की कामही पाठ आहे.

दुसरी बोट: न केलेल्या कामाची कमाई

पुढच्या वर्षी त्याच सरांनी दुसऱ्या एका बोटवाल्यांना माझा नंबर दिला. या वेळी मी फोनवर भाव दिला नाही. म्हटलं, "आधी येऊन बघतो. पाहणीचे ३,००० आगाऊ. काम दिलंत तर बिलातून वजा." ते तयार झाले.

त्यांची बोट नदीत मध्येच नांगरलेली असायची. जेट्टीची वीज नाही. बॅटऱ्या १२ व्होल्ट, एकूण २०० अँपिअर-अवर, आणि वर ४०० वॅटचे सोलर पॅनेल. मी तिथेच कागदावर मांडलं:

- बॅटरीत वीज २,४०० वॅट-तास. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हातात १,२००.
- एसी आणि पंप मिळून साधारण १,१०० वॅट. इन्व्हर्टरमध्ये जाणारी वीज धरली तर तासभरसुद्धा पुरणार नाही.
- रात्रीचे ८ तास, कॉम्प्रेसर निम्म्याहून थोडा जास्त वेळ चालतो असं धरलं, तरी पाच युनिटच्या वर वीज हवी.
- ४०० वॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट देतं. म्हणजे एका रात्रीच्या झोपेसाठी तीन दिवसांचं ऊन, तेही फ्रिज आणि दिवे बंद ठेवून.

ते म्हणाले, "मग छोटा पेट्रोल जनरेटर ठेवू मागे." मी स्पष्ट नाही म्हटलं. झोपलेली माणसं, बंद केबिन आणि मागे जनरेटर. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, रंगही नसतो. माणूस जागा होत नाही.

मी त्यांना लिहून दिलं: एसी बसवू नका. केबिनवर सावलीचं कापड बांधा, पुढच्या झडपेवर वारा आत वळवणारं कापडी शिड लावा, आणि १२ व्होल्टचे दोन चांगले पंखे. पंखे मीच बसवून दिले. मोठं काम गेलं, पण त्या ३,००० रुपयांत माझा दिवस आणि डिझेल भरून निघालं. आणि त्या माणसाने नंतर आपल्या घरच्या चार एसीचं काम मला दिलं.

आज मी कोटेशन कसं देतो

नव्या प्रकारचं काम आलं की पाच भाग वेगळे लिहितो. बोटीसाठी ते असे:

१. पाहणी. पैसे घेऊनच. फुकट पाहणी केली की काम मिळवायची घाई होते आणि डोळे नीट बघत नाहीत.
२. पाण्याचं काम. भोक, व्हॉल्व्ह, गाळणी, पंप, पाइप.
३. विजेचं काम. जेट्टीची वीज २३० व्होल्ट ५० हर्ट्झ आहे, मशीन त्याच विजेवरचं आहे का? ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का? पाण्याजवळ गळती झालेली वीज जीव घेते, इथे तडजोड नाही.
४. मशीन आणि डक्ट.
५. पाण्यावरची चाचणी. बोट पाण्यात उतरल्यावर, खऱ्या परिस्थितीत.

खाली ठळक अक्षरात "यात नाही": क्रेनचा खर्च, जेट्टीचं वीज कनेक्शन, बोटीची जुनी दुरुस्ती, जीएसटी. आणि पैसे तीन टप्प्यांत: साहित्याआधी ५० टक्के, फिटिंग झाल्यावर ३०, पाण्यावर चालवून दाखवल्यावर २०. शेवटचे २० टक्के गिऱ्हाइकाकडे असले की त्याला विश्वास वाटतो आणि आपण नळाच्या पाण्यावर खूश होत नाही.

तेच पहिलं काम आज घेतलं तर? मजुरी ४ दिवस ९,६००, प्रवास ६,०००, साहित्य २४,०००, कारागीर ८,०००, म्हणजे ४७,६००. परत यावं लागलं तर म्हणून ५,००० राखीव. झाले ५२,६००. कोटेशन ६८,०००, दुकानाला उरतात १५,४००. हा आकडा ऐकून कोणी नाही म्हणालं, तर म्हणू दे. ३५ हजारांत हो म्हणणारं गिऱ्हाईक मला परवडलं नव्हतं.

तुमचा गृहपाठ

या आठवड्यात तुमच्या हातातलं सगळ्यात वेगळं काम निवडा. कागदावर दोन रकाने करा: "मला पाठ असलेलं" आणि "मी पहिल्यांदाच बघतोय असं". दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव लिहा, ज्याला तुम्ही विचारू शकता. नाव सुचत नसेल, तर त्या ओळीचा भाव अजून देऊ नका.

आणि तुमच्याकडेही एखादे जुने मिस्त्री, आचारी किंवा शिलाईवाल्या ताई असतील. त्यांनी साधा प्रश्न विचारला तर हातातलं काम थांबवा. आमच्या दुकानात आता नियमच आहे: कोटेशन जाण्याआधी मामा एकदा वाचतात आणि विचारतात, "पाणी खंयपर्यंत येतला?" काम डोंगरावरच्या हॉटेलचं असलं तरी!

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत फोनवर भाव देऊ नका.