पाचशे चीवरांचा हिशेब



विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कोसंबीच्या उदेन राजाची हकीकत आहे. त्याच्या राण्यांनी आनंद स्थविरांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे करणार काय? कापडाचे दुकान थाटणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विटली आहेत त्या भिक्खूंना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरणी, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी. आणि फडकी कुटून, चिखलात कालवून त्याने जमीन लिंपायची. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

यावर आपल्यातील एखादा तरुण म्हणेल, "पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची उतरलेली वस्त्रे आपण नेसलो. आता कुठे चार पैसे हाती आले, तर पुन्हा जुनेच वापरा म्हणता?" या सवालाला बगल देऊन चालणार नाही. मनुस्मृतीने चांडाळांना प्रेताची वस्त्रे नेमून दिली होती. १९२७ साली महाडला पूज्य बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले, की अस्पृश्य म्हणून ओळखू येणारा पेहराव व दागिने टाका, स्वच्छ राहा. तेव्हा नवे, नीटनेटके कापड घेणे हा आपला हक्कच आहे. प्रश्न एवढाच, की आपण निवडून घेतलेली वस्तू आपण किती दिवस टिकवतो आणि शेवटी ती कोणाच्या हातात पडते.

कोणाच्या हातात, ते पाहा. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. जयंतीच्या जेवणावळीनंतर उष्ट्याने माखलेले प्लास्टिक आणि थर्माकोल आपण उकिरड्यावर टाकतो, तेव्हा ते चिवडणारे हात बहुधा आपल्याच भगिनींचे असतात. थर्माकोल कुजत नाही आणि जाळला तर धूर विषारी. महाराष्ट्रात २०१८ साली त्याच्या ताट-वाट्यांवर बंदी आली. दुकानात मिळतो म्हणून घेऊ नका.

खरेदीबद्दल तथागतांनी दीघजाणु कोलियाला दिलेला दृष्टांत मुलांनाही समजेल. मिळकत थोडी आणि थाट मोठा, अशा माणसाला लोक 'उंबर खाणारा' म्हणतात. अट्ठकथेत खुलासा आहे: तो झाड गदगदा हलवतो, ढीगभर फळे पाडतो आणि थोडीच खातो. हप्त्यावर वस्तू उचलण्याआधी हा माणूस आठवावा. उलट, भरपूर असून कुढत जगणेही तथागतांना मान्य नव्हते. मुलांच्या दुधात आणि पुस्तकांत काटकसर नको.

येत्या वैशाख पौर्णिमेपूर्वी प्रत्येक विहाराने वर्गणीतून स्टीलची शंभर ताटे आणि पेले घ्यावेत, त्यांवर विहाराचे नाव कोरावे. लग्न-नामकरणाला ज्याला हवी त्याने वहीत नोंद करून न्यावीत, मोजून परत करावीत. ताटे घासण्याची पाळी मात्र पुरुषांनाही लावा, नाहीतर थर्माकोलचा बोजा उकिरड्यावरून उचलून आपण घरातल्या बायकांच्या डोक्यावर ठेवू.