कारागृहातील हस्तलिखित

कारागृह म्हटले की उंच भिंती, लोखंडी दारे आणि पहारेकरी डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या भिंतींच्या आत माणसाचा देह कोंडला जातो. परंतु त्याची बुद्धीही कोंडली जाते काय? मराठी साहित्याने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले ते मंडालेच्या तुरुंगात. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३३ साली अवतरली ती नाशिकच्या कारागृहात.

ग्रंथ लिहून झाला तरी तो भिंतीबाहेर जाणे मात्र सरकारच्या हाती असते. जून १९१४ मध्ये टिळकांची सुटका झाली, तेव्हा गीतारहस्याच्या वह्या सरकारने तपासणीसाठी ठेवून घेतल्या. त्या परत मिळेपर्यंत ग्रंथकर्त्यास वाट पाहावी लागली. १९१५ साली तो ग्रंथ वाचकांच्या हाती पडला.

यानंतर सुमारे अर्धशतकाने, स्वतंत्र भारतात, आणखी एका मराठी हस्तलिखितावर असाच प्रसंग ओढवला. तेव्हा मात्र देशास स्वतःचे संविधान होते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने भारतावर आक्रमण केले. राष्ट्रपतींनी आणीबाणी घोषित केली आणि देशाच्या संरक्षणासाठी कडक नियम अमलात आले. ज्याच्या हातून देशाच्या सुरक्षिततेस बाध येईल असे सरकारला वाटे, त्यास खटला न चालविताच अटकेत ठेवण्याचा अधिकार या नियमांनी सरकारला मिळाला. अशा अटकेस स्थानबद्धता म्हणतात. स्थानबद्ध मनुष्यावरील आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नसतो. त्याखेरीज राष्ट्रपतींच्या आदेशाने अशा व्यक्तींना काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयाकडे दाद मागण्याचीही मनाई झाली होती.

साम्यवादी पक्षाचे एक कार्यकर्ते श्री. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे या नियमांखाली मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी सरकारच्या परवानगीने मराठीत एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’. पुस्तक राजकारणाचे नव्हते, केवळ विज्ञानाचे होते. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्याची परवानगी मागितली. मार्च १९६५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती नाकारली. तुरुंगाच्या अधीक्षकांकडेही त्यांनी अर्ज केला; पण तोही व्यर्थ गेला.

तेव्हा श्री. संझगिरी यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली. त्यातील विषय निव्वळ शास्त्रीय असून त्यापासून देशाच्या संरक्षणास कोणताही धोका नाही, अशी त्यांची खात्री पटली. या पुस्तकाने धोका संभवतो, असे सरकारनेही म्हटले नव्हते. स्थानबद्ध माणसास पुस्तक प्रसिद्ध करू देण्याचे बंधन कायद्याने आपल्यावर घातलेले नाही, एवढेच सरकारचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने ते मानले नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

स्थानबद्धांना कसे वागवावे, याविषयी १९५१ सालचा एक आदेश होता. सरकारी पक्षाने असा युक्तिवाद केला की, त्या आदेशात जेवढ्या सवलती नमूद आहेत तेवढ्याच स्थानबद्धास मिळतील. पुस्तक बाहेर पाठविण्याची सवलत त्यात नाही, सबब ती मागता येणार नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी या युक्तिवादातील दोष एका साध्या उदाहरणाने दाखविला. हे म्हणणे मान्य केले, तर ज्या आदेशात अन्न देण्याचे कलम नसेल त्या आदेशाखाली स्थानबद्धास उपाशी मारणेही योग्य ठरेल! आदेशातील अटी या सवलतींची यादी नव्हेत. त्या स्वातंत्र्यावर घातलेल्या मर्यादा होत. जी मर्यादा कायद्यात घातलेली नाही, ती अधिकाऱ्यास आपल्या मनाने घालता येत नाही. राष्ट्रपतींच्या आदेशाचा आडोसाही येथे उपयोगी पडला नाही. कारण हस्तलिखित अडविण्याचा अधिकार कोणत्याच नियमाने दिलेला नव्हता. सप्टेंबर १९६५ मध्ये सरकारचे अपील फेटाळण्यात आले.

त्या महिन्यात पाकिस्तानशी युद्ध चालू होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. संकटाच्या काळी सरकारला अधिक अधिकार लागतात, हे न्यायालयाने नाकारले नाही. श्री. संझगिरी यांची सुटका करावी, असेही त्याने म्हटले नाही. त्याच्यापुढे प्रश्न केवळ काही लिहिलेल्या कागदांचा होता. परंतु त्या कागदांच्या निमित्ताने एक मोठे तत्त्व स्पष्ट झाले. नागरिकाने आपल्या प्रत्येक कृतीसाठी परवानगी दाखवावी, असा कायद्याचा दंडक नाही. त्यास अडविणाऱ्याने मात्र आपला अधिकार दाखविला पाहिजे. पुढे बंदिवानांच्या हक्कांचा विचार करताना न्यायालयांनी या निर्णयाचा आधार घेतला.

मोकळेपणी वावरणाऱ्या माणसास हक्कांची आठवण क्वचितच होते. ज्याच्यामागे दार बंद झाले आहे, त्यासच त्यांचे मोल कळते. म्हणून एखाद्या राज्यात न्याय किती नांदतो हे पाहावयाचे असेल, तर राजवाड्याकडे पाहू नये. तुरुंगातील माणसाचा अर्ज तेथे कसा वाचला जातो, ते पाहावे.

प्रश्न

१. स्थानबद्धता म्हणजे काय? शिक्षा आणि स्थानबद्धता यांत कोणता फरक आहे?
२. सरकारी पक्षाच्या युक्तिवादातील दोष न्यायमूर्तींनी कोणत्या उदाहरणाने दाखविला?
३. ‘सवलतींची यादी’ आणि ‘स्वातंत्र्यावरील मर्यादा’ यांतील भेद तुमच्या शब्दांत सांगा.
४. देशावर संकट असतानाही न्यायालयाने असा निर्णय का दिला असावा? आठ-दहा ओळींत लिहा.